पाव किलोची खोडी

मी वजनकाटा बोलतोय. शर्ट शिवायच्या कारखान्यात, पार्सलच्या खोलीत, दाराशी बसलेला. शिक्षण म्हणाल तर शून्य ते दीडशे. त्यापुढच्या शाळेचं तोंड मी पाहिलं नाही.

स्वभावाने पहिल्यापासून वात्रट. गठ्ठा ठेवला की मी सज्जन, पण माणूस चढलं की माझ्या अंगात यायचं. स्प्रिंग जरा सैल सोडली की काटा पाव किलो पुढे. ढेरपोट्या मुकादमाचं तोंड उतरलं की मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बायका माझ्यावर चढायच्या. रिवाज त्यांचाच: जिचं वजन सगळ्यात जास्त वाढलं, तिचा डबा बाकीच्यांनी वाटून खायचा. सगळं हसतखेळत. मग सलग पाच सोमवार एकीचाच डबा गेला. ती शर्टांना काजं करायची, म्हणून काजवाली.

"वहिनी, खरं सांगा, घरी पातेली चाटून येता ना?" इस्त्रीवाली विचारायची.

"अगं, सकाळपासून नुसता चहा झालाय."

"चहाने फुगतं होय कुणी? मग आपला मुकादम एव्हाना छताला लागला असता."

सगळ्या हसायच्या. काजवालीही हसायची. सगळ्यात जास्त मी हसायचो, आणि तिच्या वेळी पाव किलोचा अर्धा करायचो.

पुढे ती डबाच आणेना. आधी सोमवारी, मग रोजच. भर उन्हाळ्यात तिला थंडी वाजायची, स्वेटर घालून मशीनवर बसायची. तोंड सुजलेलं, केसांचे पुंजके कापडावर. "संध्याकाळी घरी गेले की हाताला लागेल ते खाते गं, थांबताच येत नाही. लाज वाटते," असं ती बटणवालीला माझ्याच शेजारी उभी राहून सांगत होती. मी ऐकलं आणि पुढच्या खोडीची तयारी केली.

मग अशाच एका सोमवारी ती चढली आणि माझ्यावरच कोसळली. माझ्या लोखंडी कडेने तिचं कपाळ फुटलं.

आठवड्याने बटणवालीने सांगितलं, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावलीय. त्याने अंग सुजतं, वजन चढतं. आणि उपाशी राहिलं की भुकेचे हार्मोन आणखीच खवळतात. तो अधाशीपणा नव्हे म्हणाल्या. गोळी दिलीय, आणि वेळेवर जेवायला सांगितलंय."

इस्त्रीवालीने हातातला घास खाली ठेवला. "आपण तिचा डबा खाल्ला गं," एवढंच म्हणाली.

त्या पाचांतल्या दोन सोमवारी खरं तर इस्त्रीवालीचंच वजन जास्त वाढलं होतं. हे मला एकट्यालाच ठाऊक. खोडी म्हणता म्हणता मी एका आजारी बाईच्या तोंडचा घास काढला.

आता काजवाली कामावर येते, सगळ्यांबरोबर बसून जेवते. वजन दवाखान्यात करते. माझ्यावर फक्त गठ्ठे ठेवते, आकडा लिहिते, निघून जाते. कपाळावरची खूण मला रोज दिसते. मी आता गुंजभरही इकडेतिकडे होत नाही, पण त्याचं कौतुक कुणाला?

इस्त्रीवालीने तिची माफी मागितली. मला मागता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. माझ्यासारख्यावर कुणी उभं राहिलं, तर हसण्याआधी विचारा, बाई, तुला बरं वाटतंय ना? आकडा मी दाखवीन. पण आकड्यामागचं दुखणं मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही.