बैलांची जवारी

जमुना, माझी बायको, गेली तेव्हापासून आमच्या घरात भाकर झाली नाही. संसार सांभाळायला माझी मोठी बहीण गोदाबाई बाळापूरहून आली आणि तिने आल्या आल्या जवारी चुलीपासून हटवली. दूर कुठे गोऱ्यांची लढाई लागली होती, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव होता. कापूसवाल्याच्या घरात जवारी खाणं बहिणीला कमीपणाचं वाटे. सकाळी शिरा, दुपारी पुऱ्या, रात्री तुपात बुडवलेल्या पोळ्या. जवारी बैलांना. त्यांना अमरावतीपर्यंत कापसाच्या गाड्या ओढायच्या, म्हणून रोज शिजवलेल्या घुगऱ्या. बैल तुकतुकीत झाले आणि मला छातीत जळजळ सुरू झाली.

माझं जाऊ द्या. पण माझी एकुलती एक पोर, कौशल्या, पहिल्या बाळंतपणाला आलेली. तिचं तोंड पिवळं पडलं. पोट साफ होईना. दोन घास खाऊन ती ताट सारायची. वैद्य म्हणाला, अंगात जोर आला नाही तर बाळंतपण जड जाईल, तिला सवयीचं साधं खाऊ द्या.

"वैद्याले काय समजते?" गोदाबाई म्हणाली. "तुपानं जोर येते."

"बाई, तिले ते पचतच नाही!"

"महादेव, तू बैल पाह्य. चुलीचं मी पाह्यीन."

जमुना असती तर वादच झाला नसता. तिने भाकर थापून पोरीपुढे ठेवली असती.

डोहाळेजेवणाच्या दिवशी अंगणात बाया जमल्या, बुंदीच्या पराती भरल्या आणि पोरच सापडेना. मी गोठ्यात गेलो. कौशल्या गव्हाणीपाशी बसून बैलाच्या घुगऱ्या मुठीमुठीने खात होती.

"कौसे, काय करून राहिली?"

"आत्याले सांगू नका, बा." तिने घास गिळला. "रोज खातो मी. एवढंच पोटात ठरते."

तेवढ्यात दारात गोदाबाई उभी. "अवो माय! बैलाच्या गव्हाणीत हात? बाया काय म्हणतील?"

मागून शेजारची पार्बताबाई हसली. "डोहाळे लागले म्हणतील! पुसा न तिले, काय पाह्यजे."

"भाकर," कौशल्या म्हणाली.

"बुंदीच्या पंगतीत भाकर? नाक कापतं काय माझं?"

माझं डोकं फिरलं. "तुझं नाक राहू दे जागेवर, बाई. बायको गेली माझी. आता पोर नाही घालवायची मले!"

मी बैलांच्या पोत्यातली जवारी काढली. पार्बताबाईने जात्याचा खुंटा धरला. चुलीपुढे मीच बसलो. माझी भाकर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली. बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. कौशल्याने ती हरभऱ्याच्या भाजीसोबत सगळी खाल्ली आणि दुसरी मागितली.

गोदाबाई बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. मग उठली आणि मला कोपराने ढकललं.

"सरक. भाकर थापतं का गोवऱ्या?"

ती थापायला बसली. पोर खात राहिली.

बुंदी परातभर उरली. संध्याकाळी मी ती बैलांपुढे टाकली. त्यांनी हुंगली आणि तोंड फिरवलं.