बोकडाचा भाव, मोठ्यानं

वाजिदनं रुमाल झटकून बाजींच्या हातावर टाकला आणि त्याखाली आपली बोटं सरकवली. भोरचा हा व्यापारी आणि भाटघरच्या वरच्या वाडीतले हे म्हातारे धनगर, दोघांचा सौदा वीस वर्षं असाच चालला होता. बोटं दाबून भाव सांगायचा, मान हलवून नाकारायचा. घरच्यांना कळायचं ते एवढंच, की बोकड गेला आणि फळीवर थोड्या नोटा आल्या. बाकी किती बंडीच्या खिशात राहिल्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दाराशी बाजींची सून धनश्री तांदूळ निवडत बसली होती. घरखर्चाची वही तिच्याकडं. नवरा रोहिदास किकवीच्या गोदामात कामाला. त्याचा चौदा हजारांचा पगार ती असा पुरवायची, की शेजारणींनी तोंडात बोटं घालावीत. किराणा, एसटीचा पास, मेंढरांची औषधं, सगळं पहिल्या तारखेलाच वाटून ठेवलेलं. अंदाजानं भरावा लागायचा तो एकच रकाना, बोकडाचा. आणि अंदाजावर कुणी नर्सिंगची फी घेत नाही. नणंदेचे, कोमलचे, नऊ हजार सोमवारपर्यंत भरले नाहीत तर तिची जागा जाणार होती.

काल धनश्रीनं धीर करून अख्खी वही सासऱ्यांना वाचून दाखवली. "मामंजी, तंबाखू तीनशे चाळीस," हेही गाळलं नाही. बाजी उठून मेंढरांकडं निघून गेले. झालं, आता महिनाभर अबोला, असं तिनं धरूनच चाललं होतं.

वाजिदनं बोटं दाबली. बाजींनी हात बाहेर ओढला.

"काय झालं तात्या? कमी वाटलं?"

"तोंडानं सांग."

"असा कुठं सौदा असतोय व्हय?"

"हितं आता असाच. भाव सूनबाईला ऐकू आला पायजे."

वाजिदनं घसा खाकरला. इतक्या वर्षांत आकडा उघड्यावर बोलायची त्याला सवयच नव्हती.

"साडेआठ हजार."

धनश्रीचा हात सुपात थांबला. सासऱ्यांसमोर सौद्यात बोललेली बाई या वाडीनं पाहिली नव्हती. तिनं पदर सारखा केला.

"न्हाई भाई. अकरा."

"अकरा? काय वैनी, थट्टा करताय गरिबाची?"

"नसरापूरच्या बाजारात परवा एक बोकड धा हजारानं गेला, मी इचारून आलेय. तो हाडकुळा हुता. आमचा बगा की."

वाजिदनं बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला आणि हसला.

"साडेधा. ह्याच्या वर एक रुपया न्हाई. तात्या, आता तुमी तरी व्हय म्हना."

बाजी ताठ बसले होते. शेजारच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिलाच इचार. मी बोलाय लागलो की बोकड स्वस्तात जातोय. आजवर घरात सांगितलं न्हाई, एवढंच."