उलटे महिने

आवाज आधी आला, ओल्या ओंडक्यावर कुऱ्हाड बसावी तसा. मग दीनानाथला दिसलं, की त्याचा तनय पाठीवर आडवा पडलाय आणि सव्वाशे किलोचा एक गडी त्याच्या अंगावरून उठतोय. उठताना त्यानं मुद्दाम गुडघा बरगडीत रोवला.

शिट्टी वाजली, पण कोण ऐकतो. तनयच्या बाजूच्या एका दांडग्या पोरानं त्या गड्याच्या हेल्मेटची जाळी धरली आणि बैलाची वेसण ओढावी तसं त्याला खाली ओढलं. पाच-सहा जण एकमेकांवर कोसळले. बुक्क्या हेल्मेटवर बसत होत्या आणि फुटत होती मारणाऱ्यांचीच बोटं. पंचांनी दंडाचे नारिंगी रुमाल फेकले. प्रेक्षकांतली एक बाई मुलाला कडेवर घेऊन "हिट हिम अगेन" म्हणत होती.

चार वर्षांत दीनानाथला या खेळाचं एवढंच कळलं होतं. बॉल ज्याच्या हातात त्याला तुडवायचं, आणि बॉल आधी तनयच्याच हातात येतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. बॉल लांब फेकायला त्याला श्वास घेण्याइतका वेळ मिळतो. तेवढ्यात फेकला तर टाळ्या, नाही फेकला तर असा आवाज.

यंदा तनयचा तेवढा वेळसुद्धा गेला होता. कोचनं त्याला बाकावर बसवून दुसऱ्या वर्षाचं एक पोरगं खेळवलं. आज त्या पोराचा खांदा निखळलेला, म्हणून तनयला मैदान मिळालं. आणि आजच दोन ओळी खाली तांबड्या जॅकेटातला एक माणूस येऊन बसला होता. पश्चिमेकडच्या, प्रेअरीच्या सपाट गवताळ मुलखातल्या एका विद्यापीठाचा कोच. तनयची पदवी होत आली होती. तिकडे एम.ए.ला प्रवेश घेतला तर राहिलेला एक सीझन त्याला तिकडून खेळता येणार होता. पण आधी बघतो, म्हणाला होता तो माणूस. एक अख्खी मॅच बघतो.

"हा लास्ट चान्स आहे, बाबा," तनय सकाळी म्हणाला होता. "ही टेक्स मी, ऑर आय ॲम डन."

आणि सीमानं वॉन शहरातल्या घराच्या दारात नवऱ्याला बजावलं होतं, "अहो, कायबी झालं तरी खाली मैदानात उतरू नका. लाजतंय पोरगं."

तनय उठला. दोन पावलं बरोबर टाकली आणि तिसरं पाऊल समोरच्या संघाच्या घोळक्याकडे टाकलं. कुणीतरी त्याला दंडाला धरून वळवलं.

दीनानाथ कधी उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. कठड्याला पोट लावून तो उभा राहिला तेव्हा खाली, चार हातांवर, तनय बाकावर बसला होता. हेल्मेट मांडीवर. ओठ फाटलेला, दात तांबडे. संघाची थेरपिस्ट, शॅनन नावाची मुलगी, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली होती. डोक्याला मार बसलाय का ते बघायला ती विचारत होती, आपण कुठं आहोत, स्कोअर काय. स्कोअर त्यानं पाटीकडे बघून सांगितला. तिच्या ते लक्षात आलं. तिनं जागा बदलली आणि पाटी झाकून बसली.

"महिने सांग. डिसेंबरपासून उलटे."

"डिसेंबर," तनय म्हणाला. थांबला. रक्त गिळलं. "मी मराठीत मोजतो. माय फर्स्ट लँग्वेज. मराठीत सांगू?"

शॅननच्या कपाळाला आठी पडली. "सांग."

तनयनं डोळे मिटले आणि धाडधाड म्हणून टाकलं. "चैत्र वैशाख ज्येष्ठ आषाढ श्रावण भाद्रपद आश्विन कार्तिक मार्गशीर्ष पौष माघ फाल्गुन."

एकदाही अडखळला नाही. अडखळेल कसा? ते दीनानाथनंच त्याच्या जिभेवर बसवलं होतं. पोरगं सहा वर्षांचं असताना दोघं ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचे, तेव्हा एका फावड्याला एक महिना. फाल्गुन झाला की थांबायचं, कंबर सरळ करायची, परत चैत्र. बर्फात चैत्र-वैशाख म्हणताना पोरगं खिदळायचं.

पण ते सुलटं होतं. उलटं नव्हे, सुलटं.

कोच बाकाच्या टोकाला येऊन उभा राहिला. "इज ही गुड?" त्यानं शॅननला विचारलं. तिला कठड्यापाशी उभा असलेला माणूस दिसला होता.

"सर, तुम्ही वडील ना? बरोबर म्हणाला का तो? उलट्या क्रमानं?"

तनयनं मान वर केली. एका डोळ्याची बाहुली मोठी, एकाची बारीक, असं दीनानाथला वाटलं. कदाचित उजेडाचा खेळ असेल. पोरानं डाव टाकलाय, की पोराला खरंच उलटं-सुलटं कळेना झालंय? डाव असला तर बापानं तोंड मिटून राहावं. मोडायचा नाही पोराचा डाव. आणि डाव नसला तर?

"बाबा," तनय हळू म्हणाला. "यू फिनिश्ड युवर शिफ्ट."

दीनानाथचा उजवा हात आपोआप खिशात गेला. त्या हाताला तीनच बोटं होती. इचलकरंजीत मागांचा मेकॅनिक होता, इथं येऊन गोदामांच्या लोडिंग डॉकची दारं दुरुस्त करायला लागला, आणि पहिल्याच हिवाळ्यात लोखंडी पत्रा हातावर आला. त्यानं चेचलेली बोटं हातमोज्यात कोंबली. सुपरवायझरनं विचारलं, तर "फाइन, फाइन" म्हणाला आणि पाळी संपेपर्यंत उभा राहिला. डॉक्टर नंतर म्हणाले, लगेच आला असतात तर बोटं राहिली असती. ते कुणी लक्षात ठेवलं नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक मित्राला तनय एवढंच सांगायचा, माय डॅड फिनिश्ड हिज शिफ्ट. आणि दीनानाथ शेजारी बसून ऐकायचा, हसायचा.

"सर?" शॅनन म्हणाली.

"न्हाई," दीनानाथ म्हणाला. मग त्याला आठवलं की हिला मराठी येत नाही. "नो. नॉट बॅकवर्ड. स्ट्रेट."

शॅननचा हात हेल्मेटपाशीच होता. तिनं तनयच्या मांडीवरचं हेल्मेट उचललं आणि काखेत मारलं. हेल्मेट गेलं की मॅच गेली, हे मैदानातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

तनय उठला. कठड्याचं फाटक उघडून दीनानाथ आत येत होता, त्याला धरायला. तनयनं दोन्ही हातांनी त्याच्या छातीत जे ढकललं, ते चार वर्षं खाल्लेल्या माराच्या बळानं. दीनानाथ पाठीवर पडला. डोकं प्लास्टिकच्या हिरवळीवर आपटलं, ती थंडीनं दगड झाली होती. वर राखाडी आभाळ, आणि त्यातून भुरभुर बर्फ.

"यू किल्ड मी," तनय वरून ओरडत होता. त्याच्या तोंडातलं रक्त दीनानाथच्या जॅकेटवर उडालं. "यू किल्ड मी, मॅन." दोघा पोरांनी त्याला मागून मिठीत धरलं, तर त्यातल्या एकाच्या नाकावर त्याचं कोपर बसलं. मघाच्या बाईनं मुलाचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

दीनानाथ आधी कुशीवर वळला, मग हात टेकून उठला. "बरं हाय," तो कुणी विचारलं नसताना म्हणाला. तांबड्या जॅकेटातला माणूस उठून पायऱ्या चढत होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

शॅनन म्हणाली, थेट इमर्जन्सीत न्या, आत्ता. गाडीत बसवेपर्यंत तनय शिव्या देत होता. मग एकाएकी थांबला, जसा पंप बंद पडतो तसा. हायवेवर पोचण्याआधी त्यानं दार उघडायची खूण केली. दीनानाथनं गाडी कडेला घेतली. पोरगं पोटातलं सगळं रस्त्याकडेच्या बर्फावर ओकलं आणि बापानं तीन बोटांच्या हातानं त्याचं कपाळ धरून ठेवलं, लहानपणी धरायचा तसं.

तनय सीटवर टेकला. शेजारून ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्यानं उभी गाडी हलत होती.

"हाफटाइम झाला?" त्यानं विचारलं.

"झाला."

"तो माणूस आलाय? रेड जॅकेट?"

"आलाय. बघतोय."

"ओके." थोड्या वेळानं त्यानं परत तेच विचारलं आणि दीनानाथनं परत तेच सांगितलं, पहिल्यांदा सांगितल्यासारखं. मग तनयची नजर बापाच्या जॅकेटवर गेली. खांद्यापासून पाठीपर्यंत हिरवळीतले रबराचे काळे कण चिकटले होते, पुढे रक्ताचे ठिपके. त्यानं हात लांब केला आणि एक-एक कण नखानं काढायला लागला.

"बाबा, हे काय झालं?"

दीनानाथनं वायपर चालू केले.

"घसरलो रं," तो म्हणाला. "बर्फ हाय न्हवं खाली."