उसवता न येणारा स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना स्वेटर आहे. पण तुम्ही मला पाहिलेत तर ओळखणार नाही. माझा गळा एखाद्या बाहुलीला बसेल एवढा आहे. अंग पुठ्ठ्यासारखे जाड आहे. उजवी बाही तर नाहीच. माझ्यावर वेणीची नक्षी होती, ती आता हात फिरवला तरी लागत नाही. तरीही मी एके काळी एका उंच, रुंद खांद्यांच्या माणसाचा स्वेटर होतो.

मला विणले ते त्या माणसाच्या बायकोने. ती एका कचेरीत टंकलेखन करी. दिवसभर बोटे बडवून आली तरी हातपाय धुतले की ती दहा नंबरच्या सुया हातात घेई. आधी माझी पाठ झाली, मग पुढचा भाग, मग बाह्या. राखाडी लोकर, आणि छातीवर दोन वेण्या. एकदा सातव्या ओळीत टाका सुटल्याचे तिला बाराव्या ओळीत दिसले. तिने पाच ओळी हसत हसत उसवल्या आणि पुन्हा विणल्या. विणताना तिचा चेहरा असा सैल होई, की कचेरीतल्या कुणी तिला तेव्हा ओळखले नसते.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. लिफ्टचे यंत्र बहुधा इमारतीच्या अगदी वरच्या खोलीत असते. त्यामुळे त्याने शहर कायम वरून पाहिलेले. सुटीच्या दिवशी तो सुट्या भागांची रिकामी खोकी कापी आणि त्या पुठ्ठ्यांवर तैलरंगांनी गच्च्या रंगवी. वाळत घातलेले कपडे, तारा, पाण्याच्या टाक्या. एकाच टेबलाच्या एका टोकाला त्याचे ब्रश आणि दुसऱ्या टोकाला तिचे लोकरीचे गुंडे असत.

"अहो, सगळ्या चित्रांत टाक्याच टाक्या! बघूनच तहान लागते," ती म्हणे.

"तुझे टाके, माझ्या टाक्या. जोडी जमली की नाही?" तो म्हणे.

त्यांची मुलगी दोघांच्या मध्ये बसून बटणांच्या डब्याशी खेळे. म्हणून बाप तिला 'बटण' म्हणायचा. मी त्याच्या अंगावरून हे सगळे पाहत असे. मित्रांनो, माझे सुखाचे दिवस एवढेच. एक हिवाळा, तोही पुरता नाही.

एका सकाळी बटण शाळेला गेली होती. कामावर जायला थोडा वेळ होता म्हणून तो अर्धवट राहिलेल्या चित्रापाशी बसला. निळ्या रंगाची नळी दाबली ती जोरात, आणि माझ्या डाव्या मनगटावर रंगाचा गोळा पडला. त्याने पुसायला जाऊन तो आणखी पसरवला. तेवढ्यात ती चहा घेऊन आली.

"चार महिने! चार महिने डोळे फोडले मी यावर. अंगात घालून रंगकाम करतं का कुणी?"

तो आधी हसला. त्याचे हसणे तिला लागले.

"काढा तो. काढून ठेवा. तुम्हाला कशाची किंमत आहे का?"

"बरं बाई. ठेव तुझा स्वेटर," असे म्हणून त्याने मला डोक्यावरून ओढून काढले, खुर्चीच्या पाठीला अडकवले आणि चहा न घेता तो निघून गेला. बाहेर धुके होते. दार लागले. मग तिने चहा मोरीत ओतला.

दुपारच्या आत दोन माणसे आली. एकाने टोपी काढून हातात धरली होती. लिफ्टच्या छतावर उभा राहून तो काम करत असताना लिफ्ट घसरली होती. यापलीकडे त्या माणसाला सांगता येईना, आणि तिने विचारलेही नाही. तिने खुर्चीवरून मला उचलले आणि माझ्यात तोंड खुपसले.

त्या सकाळचे भांडण फक्त तिला आणि मला ठाऊक होते. मला बोलता येत नव्हते. आणि ती बोलली नाही.

पुढचे दोन आठवडे मी तिच्या उशाशी होतो. माझ्यात त्याच्या अंगाचा वास होता, टर्पेंटाइनचा होता, यंत्राच्या तेलाचा होता. ती डोळे मिटून तो वास घेई आणि जेवायला उठत नसे. मावशी येऊन राहिली होती, तीच मुलीचे सगळे करी. मग तिलाही आपल्या घरी परतावे लागले. दहा वर्षांच्या बटणने एके दिवशी स्वतः चहा केला आणि आईला नेऊन दिला. आईच्या हातात कप कलंडला. सगळा चहा माझ्या छातीवर सांडला.

"राहिलं होतं तेवढंही नासलं," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मुलीने ते ऐकले. मित्रांनो, पुढे जे झाले ते प्रेमापोटी झाले, हे मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगेन.

दोन दिवसांनी आई पहिल्यांदाच कामावर गेली. बटण शाळेतून लवकर आली. तिने मोठ्या पातेल्यात पाणी उकळले, फडक्याने धरून ते बादलीत ओतले, मूठभर साबणचुरा टाकला आणि मला त्यात बुडवले. पाणी जितके गरम तितका डाग लवकर जातो, असे तिला वाटत होते. काठीने ढवळले, ब्रशने घासले, मग नळाच्या गार पाण्याखाली धरले. डाग थोडा राहिला म्हणून पुन्हा उकळते पाणी आणले.

लोकरीला असे करू नये, मित्रांनो. माझा एकेक तंतू घाबरून शेजारच्या तंतूला बिलगला आणि मग कुणीच कुणाला सोडीना. टाके एकमेकांत मिसळले, वेण्या बुजल्या. तिने मला पिळून वर धरले तेव्हा मी तिच्याच मापाचा झालो होतो, नव्हे, त्याहूनही लहान.

ती आधी गोंधळली. मग माझ्या एका बाहीवर पाय देऊन तिने दुसरी बाही दोन्ही हातांनी ओढली. मला दोरीवर टांगून खाली डबे बांधले. हुंदके देत देत ती म्हणत होती, "वाढ ना रे. वाढ ना." मी तसूभरही वाढलो नाही.

आई आली तेव्हा मी डबे लटकवून ठिबकत होतो. तिने मला नाकाशी नेले. माझ्यात फक्त साबणाचा वास उरला होता. चहाचा डाग गेला होता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. ती अगदी हळू म्हणाली, "त्यांना परत एकदा मारलंस तू."

त्या दिवसापासून 'बटण' हे नाव त्या घरात पुन्हा ऐकू आले नाही. आईने मुलीला उपाशी ठेवले नाही, शाळा चुकू दिली नाही, तापात रात्रंदिवस तिच्या उशाशी बसली. फक्त लागेल तेवढेच बोलली. "ताट घे." "दार लाव." "सही कुठे करू?" सुया आणि लोकर तिने शेजारणीला देऊन टाकली. गच्च्यांची चित्रे भिंतीकडे तोंड करून उभी केली. मी डांबराच्या गोळ्यांबरोबर ट्रंकेत गेलो. ट्रंक आईच्याच खोलीत होती, आणि झाकणाच्या फटीतून थोडेफार दिसे. आतून मला ऐकू येई ते दोन माणसांच्या घरातले मौन. भांड्यांचा आवाज तेवढा होई.

मुलगी चौदा वर्षांची झाली तेव्हा एके दिवशी तिने मला गुपचूप दप्तरात घातले आणि हस्तकलेच्या बाईंपुढे ठेवले. बाईंनी वर्गात पिंजलेली लोकर गरम साबणाच्या पाण्यात चोळून तिचा घट्ट तुकडा करून दाखवला होता. हा नमदा, असे त्यांनी सांगितले होते.

"बाई, याचं पण तेच झालंय का?"

बाईंनी मला दाबून पाहिले. "हो की. छान दाट झालाय. कुणी केला?"

"मी. चुकून. बाई, हे उलट करता येतं का?"

"नाही गं. विणलेलं उसवता येतं. हे नाही उसवत." मग तिचा चेहरा पाहून त्या घाईने म्हणाल्या, "पण आता कुठेही काप, एक धागा सुटणार नाही. पुष्कळ काही होईल याचं."

मुलीने मला कापले नाही, परत ट्रंकेत ठेवले. पण त्या दिवशी तिला एक छंद लागला. आई कामावर असताना ती वाडग्यात कोमट पाणी घेई आणि तळहातांत लोकर घोळवत बसे. आधी सुटी सुटी, निसटणारी लोकर हळूहळू अंग धरू लागे. तिची चिमणी होई, मांजर होई, कानतुटका ससा होई. बापाच्या रंगांच्या, तोंडाशी वाळलेल्या नळ्या कापून ती आतला ओला रंग काढी आणि त्यांचे डोळे रंगवी. ट्रंकेत मला तिचे गुणगुणणे ऐकू येई. ज्या गोष्टीने तिचे घर मोडले होते, तीच गोष्ट करताना तिला आनंद होत होता, आणि तो आनंद होतो म्हणून तिला स्वतःची लाजही वाटत असावी. कारण आईची पावले वाजली की गुणगुणणे तुटे.

एकदा आई लवकर आली. ओल्या लोकरीचा वास घरभर होता. टेबलावर चिमण्या वाळत होत्या. ती दारातच थांबली.

"घरात हा वास नको," एवढेच ती म्हणाली.

मुलीने वाडगा मोरीत रिकामा केला. पुढे ती शनिवारी बाईंच्या घरी जाऊन काम करू लागली, आणि अठराव्या वर्षी शिकायला दूर निघून गेली. तिथेच एका दातांच्या दवाखान्यात कवळ्या घडवण्याच्या कामाला लागली. घरी पत्र येई. आई ते दोनदा वाचून ट्रंकेत माझ्यावर ठेवी. उत्तरात मात्र चार ओळी.

माझा अपघात होऊन सोळा वर्षे झाली तेव्हा आईच्या उजव्या अंगावरून वारे गेले. हात लुळा पडला, बोलणे तुटले. मावशीचा निरोप मिळताच मुलगी आली. तिने आईला अंघोळ घातली, घास भरवले, कूस बदलली. दुपारी ती पलंगाशेजारी वाडगा घेऊन लोकर चोळत बसू लागली. आता वासाबद्दल बोलायला आईजवळ शब्द नव्हते. काही दिवसांनी मुलीने आईचा चांगला डावा हात धरून कोमट पाण्यात ठेवला. आईने वाडगा उलथून दिला. मुलीने लादी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी आणले. पाचव्या की सहाव्या दिवशी आईने बोटे मिटली आणि लोकर दाबली. एक वेडावाकडा गोळा झाला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग रोज एक गोळा होऊ लागला. दोघी तासन्‌तास शेजारी बसत. मी त्या घरात ऐकलेले ते सर्वांत बरे मौन.

एका दुपारी आईने ट्रंकेकडे बोट केले. मुलीने मला बाहेर काढले. आईने माझा डावा मनगटपट्टा, निळा रंग सांडला होता तो, चाचपला आणि फार कष्टाने बोलू लागली.

"मी... ओरडले. त्यांना. मी."

"कधी?"

"सकाळी... त्या. काढा म्हटलं. चहा... नाही घेतला." तिचे ओठ वाकडे झाले. "तू नाही. मी."

मुलीने तिच्या हातातून मला काढून घेतले. मग म्हणाली, "सोळा वर्षं, आई."

ती उठून बाहेर गेली. त्या दिवशी आईला घास शेजारणीने भरवले. दुसऱ्या दिवशी मुलीने सगळे केले, पण तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी तिने कात्री घेतली आणि माझी उजवी बाही कापली. मला दुखले नाही. एक धागा सुटला नाही. त्या बाहीचा तिने आईच्या लुळ्या हातासाठी मोजा शिवला, कारण तो हात कायम गार असे. मोजा घालताना ती आईची वळलेली बोटे एकेक करून सरळ करी, घाई न करता. तिने आईला माफ केले का? मला ठाऊक नाही. मला एवढेच दिसले.

आई त्यानंतर अडीच महिने जगली. मोजा तिच्याबरोबर गेला.

मित्रांनो, हात चालते आहेत तोवर विणा, लोकर चोळा, रंगवा. त्यातला आनंद खरा असतो, मी तो दोन पिढ्यांच्या बोटांत पाहिला आहे. लोकरीचे कपडे गार पाण्यात धुवा, हेही सांगतो. पण कुणाच्या हातून एखादा स्वेटर आटलाच, तर रागवा, रडा, दोन दिवस बोलू नका हवे तर. त्यापुढे नको. आणि जे आपल्या मनाला खात असेल ते दुसऱ्याच्या, त्यातून लेकराच्या, माथी ठेवू नका. माझ्या तंतूंसारखी माणसांची मने एकदा घट्ट झाली की कुणाचे काही चालत नाही.

आता मी मुलीच्या खोलीत असतो. सुटीच्या दिवशी ती मला टेबलावर अंथरते आणि माझ्यावर पाण्याचा वाडगा ठेवून काम करते. कधी कधी मध्येच थांबते. पाणी गार होते, तरी ती हात बाहेर काढत नाही.