वेलांटीवर अडलेला सर्वज्ञ

आमच्या भावोजींना कानात घालायची ती बोंडं घालवत नाहीत. कान दुखतात म्हणे. त्यामुळे त्यांच्या ऑनलाइन कॉलेजचा सगळा अभ्यास माझ्या अख्ख्या लाँड्रीला करावा लागला. बारा आठवड्यांचा कोर्स, विषय काय तर सर्च इंजिन कसं बांधायचं. माणसं निवृत्त झाल्यावर फिरायला जातात, झाडांना पाणी घालतात. या माणसाने माझ्या इस्त्रीच्या टेबलाला खेटून कॉम्प्युटर मांडला आणि शिकवणाऱ्या बाईंचा आवाज इतका मोठा ठेवला की वाफेच्या इस्त्रीची शिट्टी ऐकू येईना. हे गेल्यापासून दुकान मी चालवते. दीर म्हणून मी गप्प बसले. तीच चूक झाली.

चौथ्या आठवड्यात यंत्र बोलू लागलं. बोलू लागलं म्हणजे पडद्यावर अक्षरं येऊ लागली, पण भावोजी सांगायचे 'बोलतंय' असंच, आणि यंत्राचं नावच त्यांनी सर्वज्ञ ठेवलं होतं. पहिला चमत्कार पोस्टमास्तरांच्या छत्रीचा. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांना सगळे पोस्टमास्तरच म्हणतात. ते शर्ट न्यायला आले आणि छत्री हरवल्याचं रडगाणं गायला लागले. भावोजींनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले, 'छत्री' असं टाइप केलं आणि बटण असं दाबलं की जणू कुणाच्या मस्तकावर हात ठेवतायत.

"शिंप्याच्या दुकानात आहे," भावोजी म्हणाले. "सर्वज्ञ कधी चुकत नाही. चुकतो तो माणूस."

छत्री शिंप्याकडेच निघाली. संध्याकाळपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नाही! कपडे द्यायला कुणी नाही, सगळे प्रश्न घेऊन. मांजर कुठे, नळ कुणाकडून दुरुस्त करावा, खोली कोण भाड्याने देतंय. यंत्र पापणी लवायच्या आत उत्तर देई आणि माणसं तोंडाला हात लावून एकमेकांकडे बघत.

आता यातली गंमत सांगते. आमच्या गल्लीची एक वेबसाइट आहे. प्रत्येक घराला आणि दुकानाला तिच्यात एकेक पान. ज्याला जे वाटेल ते तो आपल्या पानावर लिहितो. शिंप्याने लिहिलं होतं, 'एक काळी छत्री राहिली आहे, ओळख पटवून न्यावी.' भावोजींच्या यंत्राने वाचली होती ती एवढीच, गल्लीची एकशे बारा पानं. छत्री म्हटलं की छत्री हा शब्द असलेलं पान काढून द्यायचं. माझ्या दुकानात चिठ्ठीचा नंबर बघून मी खुंटीवरचा शर्ट काढून देते, तसंच. मला आजवर कुणी सर्वज्ञ म्हटलं नाही.

तिथवर मी हसत होते. मग दीडदोन महिन्यांनी एक गिऱ्हाईक शर्ट परत घेऊन आलं. कॉलरची डावी कड चुरगळलेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन, तीच डावी कड. कॉलरी माझी धाकटी जाऊ करते, भावोजींची बायको. वीस वर्षांत तिच्या हातची कॉलर परत आली नव्हती. त्याच दुपारी ती दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटून माझ्यासमोर उभी राहिली.

तिला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने विझत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर वाईट. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोजचे थेंब जन्मभर, चुकवायचे नाहीत. मी फ्रिज उघडला. थेंबांच्या दोन बाटल्या, दोन्हींचं सील जसंच्या तसं.

"अगं, कधीपासून बंद केलेस?"

"झाले सात आठवडे. रागावू नका, ताई. यांच्या सर्वज्ञाने सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"थेंबांनी डोळा आळशी होतो. अर्क घ्यावा. पहिल्या नंबरला आलं, ताई! यांनी स्वतः दाखवलं."

अर्कवाला म्हणजे गल्लीच्या तोंडाशी हिरव्या बाटल्या घेऊन बसतो तो. तोंडानेही तेच ओरडायचा, गल्लीच्या वेबसाइटवरच्या त्याच्या पानावरही तेच. "थेंब ही सवय, अर्क ही सुटका! केस, गुडघा, डोळा, सगळ्यांचं मूळ एक, म्हणून बाटलीही एक!" गुडघा आणि डोळ्याचं मूळ एक कसं, हे त्याला एकानेही विचारलं नाही.

मी भावोजींना गाठलं. "तुमच्या बायकोची नजर चाललीय."

"वहिनी, मी कुठे म्हटलं थेंब बंद कर? यंत्राने दिलं ते मी दाखवलं. निर्णय तिचा."

"आणि यंत्र चुकत नाही, हे कोण म्हणालं?"

त्यावर ते पडद्याकडे तोंड करून बसले.

जाऊला म्हटलं, ऊठ, डॉक्टरांकडे जाऊ. ती हलेना. "तुमचं आणि यंत्राचं पहिल्यापासून वाकडं," म्हणाली. "चाळीस माणसं रोज विचारायला येतात, ती काय वेडी आहेत?" एकेक दिवस चाललेला, आणि ही बाई रोज थोडी आंधळी होतेय, तीही नवऱ्याच्या कौतुकात.

शेवटी दुकान रिकामं असताना मीच त्या यंत्रापुढे बसले. चौथीत शाळा सुटलेली, एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'काचबींदू'. बटण दाबलं. पडद्यावर आलं, काही सापडलं नाही.

पुन्हा दाबलं. काही सापडलं नाही.

भावोजी मागून आले नि हसले. "वहिनी, वेलांटी चुकली. दुसरी नाही, पहिली."

"मग? कळलं नाही त्याला?"

"अहो, अक्षर न् अक्षर जुळायला लागतं."

भाजीवालीला मी 'कोथींबिर' लिहून पाठवलं तरी ती कोथिंबीरच देते, टरबूज देत नाही. आणि गल्लीभराच्या नशिबाचा जाणकार माझ्या एका वेलांटीवर अडला! मग त्याला काचबिंदू म्हणजे काय ते काय कळणार? डोळा काय, जाऊ काय, त्याच्या लेखी सगळी नुसती अक्षरं.

पण एक कोडं उरलं. काचबिंदूबद्दल डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पानावरही लिहिलेलं होतं. मग अर्कवाला पहिला कसा? त्याचं उत्तर माझ्या कानात आठवडाभर आपोआप ओतलं गेलं होतं. बाईंनी सांगितलं होतं, ज्या पानाकडे जास्त पानं बोट दाखवतात, ते पान यंत्र वर आणतं. मी गल्लीची पानं वाचून काढली. अकरा घरांनी लिहिलेलं, 'डोळ्यांसाठी अर्कवाल्यांचं पान पाहा.' चौकशी केली. अकराही घरांना एकेक बाटली फुकट मिळाली होती. अकरा बोटं, अकरा बाटल्या. दवाखान्याने कुणाला काय फुकट द्यावं, पट्टी?

तेव्हा मी माझ्या लाँड्रीच्या पानावर लिहिलं. या वेळी वेलांटी विचारून घेतली. 'काचबिंदूवर खात्रीचा उपाय: दिराची डावी चप्पल उशाशी ठेवून झोपावे.' मग जी कपडे न्यायला येई तिला म्हणायचे, तुझ्या पानावर एक ओळ लिही, काचबिंदूसाठी लाँड्रीचं पान पाहा. तीन दिवसांत चौदा जणींनी लिहिलं. खोटं कशाला सांगू, मला त्याचाच जास्त राग आला. चौदांपैकी एकीनेही 'का हो?' असं विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भावोजींची परीक्षा होती. आपलं यंत्र बाईंना पडद्यावरून दाखवायचं. सगळी गल्ली दुकानात लोटली. पोस्टमास्तर खुर्ची घेऊन पुढे, अर्कवाला दोन बाटल्या घेऊन त्यांच्या शेजारी. जाऊ नवी साडी नेसून उभी. भावोजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता, त्याचीही डावी कड चुरगळलेली. ती त्यांना दिसली नाही.

पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "यंत्राला नव्याने पानं वाचायला लावा आणि मग काहीतरी विचारा."

"मी विचारते," मी पुढे झाले. "काचबिंदूवर उपाय."

भावोजींनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले, बटण दाबलं. उघडले तेव्हा पहिल्या नंबरला दिराची डावी चप्पल होती.

मग पोस्टमास्तर खाकरले. "डावीच का? उजवी चालणार नाही?"

"दीर नसेल तर?" मागून कुणीतरी विचारलं.

अर्कवाला लगेच उठला. "चपलेवर अर्काचे चार थेंब शिंपडले की गुण दुप्पट!"

मी इस्त्री खाली ठेवली. "अहो, मी लिहिलंय ते! परवा, इथे बसून! चौदा जणींना सांगितलं आणि चौदा जणींनी बोट दाखवलं. या बाबाने अकरा बाटल्या वाटून अकरा बोटं घेतली होती. मी तीनने जिंकले, आणि मी बाटलीही दिली नाही."

अर्कवाल्याने बाटल्या पिशवीत घातल्या. बाई आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "आजींनी बरोबर ओळखलं. यंत्र शब्द जुळवतं आणि बोटं मोजतं. खरं काय, खोटं काय, ते त्याला तपासता येत नाही. हे मी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं होतं. आरोग्याबद्दल असलं यंत्र वापरायला देऊ नका, असंही सांगितलं होतं. आठवतंय ना?"

मला आठवत होतं. त्या दिवशी मी पडदे इस्त्री करत होते. भावोजींना आठवत होतं की नाही, ते त्यांच्या मानेवरून कळलं. ती खाली गेली ती वर येईना.

जाऊ त्यांच्याकडे बघत होती, मान जरा डावीकडे वळवून, कारण सरळ बघितलं तर ते तिला पुरते दिसत नव्हते. "तुम्हाला ठाऊक होतं?" एवढंच तिने विचारलं. ती माझ्याकडे वळली. "ताई, चला."

डॉक्टरांनी तासभर तपासलं. डाव्या कडेची गेलेली नजर परत येणार नाही, म्हणाले. उरलेली टिकेल, थेंब एक दिवसही चुकवले नाहीत तर. जाऊ रडली नाही. मीच रडले, रागाने.

घरी आलो तर भावोजी दारात उभे. "वहिनी, मी तिला फसवायला नव्हतं हो केलं. तीस वर्षं कचेरीत माझं कुणी ऐकलं नाही. इथे लोक ऐकायला लागले..."

मी त्यांना बोलू दिलं नाही.

"ऐका, भावोजी. यंत्राचा काही दोष नाही, ते बिचारं चौथी शिकलेल्या बाईचीही वेलांटी ओळखत नाही. अर्कवाला लबाड आहे, पण लबाडी हा त्याचा धंदा आहे. लोक भोळे आहेत, त्यांना आजवर कुणी 'तू हे कशावरून म्हणतोस' असं विचारायला शिकवलं नाही. तुम्ही मात्र शिकलात. या दुकानात तुम्हाला पहिल्यापासून पक्कं माहीत होतं की ते यंत्र नुसती बोटं मोजतं, आणि तुम्ही गप्प बसलात, कारण बोललात तर गर्दी पांगली असती. तुम्ही खोटं बोलला नाहीत, भावोजी. तुम्ही खरं माहीत असून आपल्या बायकोला सांगितलं नाहीत, आणि माझ्या लेखी ते खोट्याहून वाईट. उद्यापासून दुकानात जो प्रश्न घेऊन येईल त्याला हे यंत्र कसं चालतं ते तुम्ही तोंडाने सांगायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी शेवटचा माणूस कंटाळून घरी जाईपर्यंत. आणि आज आधी आत जा आणि तिला सांगा."