ऑगस्टमधला बावळट

तुम्हाला माहीत होतं. माझ्या पोराचं डोकं बिघडतंय हे तुम्हाला कळत होतं, तरी तुम्ही त्याच्यावर 'खेळायला लायक' असा शिक्का मारलात. शाळेच्या खेळखात्यात तुमची खुर्ची मोठी असेल, मी नुसती शाळेची बस चालवते. पण आई मी आहे, तुम्ही नाही.

आमच्याकडे रीत आहे. फुटबॉलच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या पोरानं, आपल्या पुढे उभ्या राहणाऱ्या धिप्पाड पोरांना घरी जेवू घालायचं. ती त्याच्या वाटचा मार अंगावर घेतात, तो त्यांचं पोट भरतो. म्हणजे त्याची आई भरते.

क्वार्टरबॅक माझा डॉसन, म्हणून काल सगळी माझ्या टेबलाभोवती कोंबून बसली होती. डॉसन म्हणाला, "ऐकलं का, पाद्रीबाबांची गाय चर्चमध्ये शिरली. बाबा म्हणाले, राहू दे, निदान ही झोपत तरी नाही."

पोरं खदखदून हसली. जरा वेळानं मक्याचा पाव मोडता मोडता डॉसन म्हणाला, "अरे, ऐकलं का, पाद्रीबाबांची गाय चर्चमध्ये शिरली."

पोरं पुन्हा हसली. तेवढीच, त्याच जागी. 'आत्ताच सांगितलंस की' असं एकही म्हणाला नाही. सरावाचं हसणं होतं ते. खिमा-राजम्याच्या चिलीचा डाव हातात धरून मी तशीच उभी राहिले.

बेनी ओलिवासला मी भांड्यांच्या निमित्तानं आत बोलावलं. डॉसनच्या हातात चेंडू देणारा तो. शेजारी शेजारीच वाढलेत दोघं.

"कधीपासून चाललंय?"

"काय, मॅम?"

"माझी चिली ओरपून मलाच येडी बनवू नकोस."

तो नळाखाली तीच बशी धूत राहिला. "मागे डोक्यावर आपटला ना, तेव्हापासून. कुठला डाव खेळायचा ते विसरतो. मग मी हळूच सांगतो त्याला. पण हात झकास चालतो हां त्याचा."

"डॉक्टरांच्या परीक्षेत पास झाला की तो."

"होणारच. ऑगस्टमध्ये बावळट, ऑक्टोबरमध्ये शहाणा."

बोलून गेला आणि जीभ चावली.

मग एकेक करून सगळं काढून घेतलं. हंगामाआधी ऑगस्टमध्ये प्रत्येक पोराची स्मरणशक्ती संगणकावर तपासतात. पुढे डोक्याला मार लागला की पुन्हा तपासायची आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघायची. म्हणून पोरं ऑगस्टमध्ये मुद्दाम चुकतात. आकडा आधीच खाली असला की नंतर घसरलेला दिसत नाही. मोठी पोरं धाकट्यांना हे शिकवतात, बुटाची नाडी बांधायला शिकवावं तसं.

सगळे गेल्यावर मी डॉसनला धरलं.

"तू कोणाला सांगायचं नाहीस, ममा. उद्या विद्यापीठाची माणसं मला बघायला येतायत, खेळावर शिष्यवृत्ती देतात ती."

"मी सांगणार."

"मग मी काय करू? बाबासारखा तेलाच्या विहिरीवर नटबोल्ट पिळत बसू?"

"बाबाला काल काय जेवला ते आठवतं."

तो हसला नाही. "मला दुसरं काही येत नाही गं," म्हणाला, आणि खोलीत गेला. चुकून आधी न्हाणीघराचं दार उघडलं त्यानं. जन्मापासून याच घरात राहतोय.

आज सकाळी मी तुमच्याकडे आले. तुम्ही कॉफी ढवळत सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, ती चलाखी सगळीच पोरं करतात. आकडा ऑगस्टच्या आकड्याशी जुळला की आमचं काम संपलं. शिवाय तो अठराचा आहे, तुमच्या सहीची गरज नाही."

सगळीच करतात. म्हणजे ते यंत्र खोटं बोलतं हे ठाऊक असूनच तुम्ही त्याची साक्ष काढता. पोरगं खोटं बोललं ते घाबरून. तुम्हाला कशाची भीती होती?

ऑगस्टमध्ये माझा डॉसन धडधाकट होता. खरा किती हुशार होता, हे त्यानं तुमच्या यंत्राला कळू दिलं नाही. म्हणजे अख्खा डॉसन कुठेच मोजलेला नाही. मग आता त्यातला किती उरलाय, हे तुम्ही कशाशी ताडून पाहिलंत?

मैदानावरचे दिवे लागायच्या आत मला उत्तर पाहिजे.