संशयित, अनुक्रमांक चौदा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेने काविळीचा चौदावा रुग्ण नोंदवला. टाकीमागच्या गल्लीतली शिंपीण. सातवा महिना.

"ताई, मला काही झालं नाही हो. नुसतं अन्न नको वाटतंय."

परिचारिकेने तिला उजेडात नेऊन खालची पापणी ओढली. डोळा पिवळाधमक. रुग्ण सांगतो ते लक्षण, आपल्याला दिसतं ते चिन्ह, हे परिचारिकेने प्रशिक्षणात घोकलं होतं. इथे दोन्ही होतं, तरी रकान्यात लिहायचं 'संशयित'. 'खात्रीशीर' लिहायला रक्ताचा अहवाल लागतो.

शिंपिणीला घ्यायला मोठ्या रुग्णालयाची गाडी आली. सासू दारातच कुरकुरली, "साठ वर्षं मी गल्लीतल्या त्याच नळाचं पाणी पितेय. मला कुठे धाड भरली?"

"तुम्हाला नाही मावशी, सुनेला भरलीय. बसा गाडीत."

मग परिचारिका तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"साहेब, एका गल्लीत, एका नळावर, तीन आठवड्यांत चौदा. नळ बंद करायला सांगा."

"खात्रीशीर किती?"

"एकही नाही. तपासणीचे संच कुठे आलेत?"

"संच साथ जाहीर झाल्यावर येतात."

"आणि साथ कधी जाहीर होते?"

"पाच खात्रीशीर झाल्यावर. परिपत्रक मी काढलेलं नाही, बाई."

"वा! म्हणजे लोकांनी परिपत्रक वाचून आजारी पडायचं."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तोवर 'तुरळक' लिहा. साथ म्हटलं की पाणीखातं अंगावर येतं."

"गेल्या अख्ख्या वर्षात त्या गल्लीत एक रुग्ण होता, साहेब. नेहमी एक, आता चौदा. याला तुरळक म्हणू? हा रोग महिनाभर पोटात दबा धरून बसतो. आज जे पाणी पितायत ते पुढच्या महिन्यात माझ्यापुढे बसतील. त्यात आणखी तिघी गरोदर आहेत, त्यांच्या तर जिवावरच बेतेल."

"मला शिकवू नका."

"मग कुणाला शिकवू? नळाला?"

तिने साप्ताहिक अहवालात 'साथ' लिहिलं, खाली स्वतःची सही ठोकली आणि तो स्वतः मुख्य कार्यालयात नेऊन दिला, एक प्रत पाणीखात्यातही. दुपारी ती गल्लीत दारोदार फिरली. पाणी उकळा, पाणी उकळा. काहींनी मान डोलावली, काहींनी तिच्यासमोरच कळशी नळाखाली लावली.

गुरुवारी अहवाल परत आला. 'साथ' या शब्दावर लाल रेघ, बाजूला शेरा: पुरावा जोडावा. सोबत परिचारिकेला खुलासा मागणारं पत्र.

शुक्रवारी चार वाजता मोठ्या रुग्णालयातून फोन आला. शिंपिणीचं रक्त तिथे तपासलं होतं. काविळीचा विषाणू सापडला. ती दुपारपासून बेशुद्ध होती.

डॉक्टरांनी खाली पाहत विचारलं, "म्हणजे खात्रीशीर किती झाले?"

"एक," परिचारिका म्हणाली. "अजून चार आणू का?"

तिने 'संशयित' खोडून 'खात्रीशीर' लिहिलं, तारीख घातली.

संध्याकाळी सहापर्यंत शिंपीण शुद्धीवर आलेली नव्हती. पाणीखात्याकडून उत्तर नव्हतं. नळाला पाणी होतं.